ई-गेट, ग्लोबल एन्ट्री अन् आईचे बिबडे: विमानतळावरची रांग नेमकी कुठं वाचते

एप्रिल लागला की आमच्या अमळनेरात गच्च्यांवर ज्वारीचे बिबडे अन् नागलीचे पापड वाळत पडतात, अन् ज्यांची पोरंबाळं बाहेरदेशी आहेत त्यांच्याकडं तिकिटाची बोलणी सुरू होतात. मग मला फोन येतो, "भो, तू ते कार्ड काढलंय ना, ज्याच्यानं रांगेत उभं राहावं लागत नाही, आमच्या आप्पांचं पण काढून दे ना." आता प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा, आपली ई-गेटची स्कीम अन् अमेरिकेची ग्लोबल एन्ट्री, दोन्हींचं एकदाच लिहून टाकतो. माझी बहीण न्यू जर्सीत आहे, तिच्याकडं ग्रीन कार्ड आहे, आई अन् मी दर दोनेक वर्षांनी टुरिस्ट व्हिसावर जातो, त्यामुळं जे खाली लिहितोय ते बरंचसं ठेचा खाऊन शिकलोय, ठेचा म्हणजे मिरचीचा नाही, पायाला लागते ती.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. विमानतळावर रांगा दोन असतात, एक माणसाची अन् एक बॅगेची. माणसाची म्हणजे इमिग्रेशन, तुम्ही कोण, कुठं चालले, पासपोर्ट खरा का. बॅगेची म्हणजे कस्टम्स, तुम्ही काय आणलं, त्याच्यावर ड्युटी लागते का, आणायला परवानगी तरी आहे का. ही सगळी ट्रस्टेड ट्रॅव्हलर, म्हणजे भरवशाच्या प्रवाशाची, भानगड मुख्यतः पहिल्या रांगेची आहे. सरकार तुमची चौकशी आधीच करून ठेवतं, बोटांचे ठसे अन् चेहरा घेऊन ठेवतं, म्हणून त्या दिवशी खिडकीवर वेळ जात नाही. बॅगेला कसलाही ट्रस्टेडपणा नसतो. उलट कार्डवाल्याच्या बॅगेत लपवलेलं काही सापडलं तर त्याचं नुकसान साध्या माणसापेक्षा जास्त, ते पुढं सांगतोच.

अन् दुसरं म्हणजे "कार्ड" हा शब्दच फसवा आहे. आपल्याकडच्या स्कीममध्ये कार्ड-बिर्ड काही हातात मिळत नाही, नाव कॉम्प्युटरात चढतं, बस. डिजीयात्रा अन् हे एकच, असं पण बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. डिजीयात्रा म्हणजे देशातल्या देशात उडताना टर्मिनलच्या गेटवर अन् सिक्युरिटीपाशी चेहरा दाखवून आत जायची सोय, इमिग्रेशनशी तिचा संबंध नाही.

तर पहिल्यांदा आपली देशी स्कीम. नाव लांबलचक आहे, फास्ट ट्रॅक इमिग्रेशन ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम, एफटीआय-टीटीपी म्हणतात. २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाली, मग १६ जानेवारी २०२५ पासून मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोचीन अन् अहमदाबाद, अन् सप्टेंबर २०२५ मध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोझिकोड अन् अमृतसर. आपल्या कामाचं म्हणाल तर जळगाव, धुळ्याकडच्यांना मुंबई, अन् नंदुरबार, शहाद्याकडच्यांनी अहमदाबादचा पण विचार करावा, सुरतेवरून गेलं की मुंबईपेक्षा दगदग कमी होते, निदान आमच्या नात्यातल्या लोकांचा तरी तसा अनुभव आहे. भारताचा पासपोर्ट असणारे अर्ज करू शकतात, अन् बहिणीच्या पोरांसारखे ज्यांच्याकडं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, आहे ते पण.

फी शून्य. हे मी मोठ्यानं सांगतो कारण आमच्याकडं एका एजंटानं शेजाऱ्यांकडून फॉर्म भरायचे म्हणून चांगले पैसे काढले अन् वर "सरकारी फी आहे" म्हणून सांगितलं. अर्ज गृह मंत्रालयाच्या साइटवर होतो, पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट इन असेल तरच पुढं जा, गूगलवर वर-वर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका.

अर्ज भरताना मोबाइल अन् ईमेलवर ओटीपी येतो, तर आईबापाचा अर्ज असेल तर जो फोन खरंच घरात चालू असतो त्याचाच नंबर टाका, पुढं मंजुरीचा निरोप पण तिथंच येणार आहे. पासपोर्टची मुदत अर्जाच्या दिवशी कमीत कमी सहा महिने शिल्लक पाहिजे. पासपोर्टची पहिली अन् शेवटची पानं स्कॅन करून लावायची, फोटो, पत्त्याचा पुरावा. मोबाइलनं पान पालथं-तिरपं काढलेला फोटो लावू नका, चार रुपये गेले तरी चालतील पण झेरॉक्सवाल्याकडून नीट स्कॅन करून घ्या, खालच्या दोन ओळी, ते बाणासारखे चिन्हं असतात ना, त्या पूर्ण दिसल्या पाहिजेत. नाव जसं पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. आपल्याकडं मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं असतं अन् ते पासपोर्टवर नावाच्या रकान्यातच चिकटून येतं, तर अर्जातही तसंच चिकटवा, स्वतःचं डोकं लावून सुटं करू नका.

मग तपासणी होते, तिला महिनाभर धरून चला, म्हणून तिकीट पुढच्या आठवड्याचं असताना अर्ज करून उपयोग नाही. मंजुरी आली की बायोमेट्रिक द्यायचं असतं, बोटं अन् चेहरा. ते एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी, ऑफिसात देता येतं नाहीतर ज्या विमानतळावर ही सोय आहे तिथंच. फक्त बोटं द्यायला अमळनेरहून मुंबईला खेप मारायची काही गरज नाही, मी तरी तसं करणार नाही, ज्या दिवशी उड्डाण आहे त्याच दिवशी तासभर आधी पोहोचायचं अन् तिथं काउंटर विचारायचा. पहिल्या वेळी त्यामुळं वेळ वाचत नाही, उलट थोडा जास्तच जातो, फायदा येतानापासून सुरू होतो. हे आधीच सांगितलं म्हणजे मला शिव्या नको.

बोटांचं एक सांगतो. ज्या बायांनी सगळी उमर शेतात कपाशी वेचली, भांडी घासली, त्यांचे ठसे झिजलेले असतात. आईचा अंगठा रेशन दुकानाच्या मशीनवर पण चार-चार वेळा उमटत नाही. आठ दिवस आधीपासून रोज रात्री हाताला खोबरेल लावायचं अन् ठसे द्यायच्या वेळी हात धुऊन कोरडे करून मग बोट ठेवायचं. अन् लग्नसराईत जाणार असाल तर बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका, तळहातावर काय काढायचं ते काढा.

ई-गेटवर काय होतं? एअरलाइनच्या काउंटरवर चेक-इन करून बोर्डिंग पास घ्यायचा, मग ई-गेटवर पासपोर्ट स्कॅन, बोर्डिंग पास स्कॅन, चेहरा अन् बोट जुळलं की फाटक उघडतं, झालं इमिग्रेशन. चष्मा, टोपी, डोक्यावरचा पदर तेवढा एक मिनिट बाजूला. आईचं पहिल्यांदा बोट जुळलंच नाही, फाटक बंद ते बंद, मागं लोक खोळंबले, आई घाबरून मला म्हणे, "आते काय करवो? मी काय चोरी करेल शे का?" काही नसतं हो, तिथला माणूस शेजारच्या साध्या काउंटरवर पाठवतो, तिथं नेहमीसारखं होतं. म्हणून ई-गेट आहे म्हणून विमानतळावर उशिरा पोहोचायचं असला शहाणपणा करू नका. फाटकावर शिक्का मारणारा कोणी नसतो, तर ज्यांना किती दिवस भारतात होतो ते इन्कम टॅक्ससाठी मोजावं लागतं त्यांनी बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

ही नोंदणी पाच वर्षं चालते किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल ते.

आता अमेरिकेची, म्हणजे ग्लोबल एन्ट्री, तिकडं उतरल्यावर इमिग्रेशनची लांब रांग वाचवणारी स्कीम. ही खरी मेहनतीची. भारतीय पासपोर्टवाल्यांना ती २०१७ पासून मिळते, त्याच्या आधी मिळत नव्हती. फी १२० डॉलर, ऑक्टोबर २०२४ च्या आधी १०० होती, अन् नामंजूर झाली तरी पैसे परत नाहीत. अठरा वर्षांखालच्या पोराला आई किंवा बाप मेंबर असेल किंवा सोबत अर्ज करत असेल तर फी नाही, पण अर्ज त्याचा वेगळा. माझं प्रामाणिक मत विचाराल तर जो माणूस आयुष्यात एकदा पोरीच्या बाळंतपणाला जाणार आहे त्यानं ह्याच्या नादी लागू नये. वर्षा-दोन वर्षांनी खेप असेल, किंवा कंपनीचं काम असेल, तर जरूर काढा.

अर्ज अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर साइटवर करायचा, त्यालाच सीबीपी म्हणतात. पाच वर्षांत कुठं राहिले, कुठं काम केलं, कोणकोणत्या देशात गेले सगळं विचारतात. शेतीच करत असाल तर शेतीच लिहा, उगाच "बिझनेस" लिहून मुलाखतीत अडखळू नका. पण भारतीयांसाठी तेवढ्यावर भागत नाही, आपल्या बाजूनं पण चौकशी लागते, ती पासपोर्ट सेवाच्या साइटवर, ग्लोबल एन्ट्रीसाठी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन म्हणून वेगळा अर्ज आहे. लोक हाच टप्पा विसरतात अन् मग वर्षभर "पेंडिंग, पेंडिंग" म्हणून बोंबलत बसतात. ह्याच्यात पोलिस चौकशी येते, म्हणजे पासपोर्टच्या वेळी होते तशीच, तेव्हा पत्ता बदलला असेल तर आधी कागद सरळ करा. अन् कुठं जुनी केस असेल, अगदी बांधावरच्या भांडणाची, भाऊबंदकीची, ती लपवू नका. खान्देशात बांधाची केस नाही असं घर सापडणं अवघड, पण न सांगितलेली केस नंतर निघाली तर ते लपवणं केसपेक्षा वाईट दिसतं.

ह्या सगळ्याला महिने लागतात. मग कंडिशनल अप्रूव्हल, म्हणजे अटीवरची मंजुरी, येतं. ते आलं म्हणजे काम झालं असं नाही, मुलाखत बाकी असते. मुलाखतीची तारीख मिळायची वाट बघत बसण्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे एन्रोलमेंट ऑन अरायव्हल, अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला सांगायचं की माझं कंडिशनल अप्रूव्हल आहे, मुलाखत इथंच घ्या. अपॉइंटमेंट लागत नाही. नेवार्क, न्यूयॉर्कचं जेएफके, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, सगळीकडं ही सोय आहे. मला चार-पाचच प्रश्न विचारले, का येता, कुठं राहता, कधी अटक झाली का, ठसे घेतले, फोटो घेतला, झालं. पुढचं डोमेस्टिक कनेक्शन मात्र त्या दिवशी ऐसपैस वेळेचं ठेवा.

मंजूर झाल्यावर एक नंबर मिळतो, त्याला पास आयडी म्हणतात, तिकीट बुक करताना जिथं नोन ट्रॅव्हलर नंबर असं विचारतात तिथं हाच टाकायचा. तो टाकला तर अमेरिकेतल्या सिक्युरिटीला टीएसए प्रीचेकची, म्हणजे आधीच तपासलेल्या लोकांसाठीची, रांग मिळते, लॅपटॉप बाहेर न काढता. बोर्डिंग पासवर प्रीचेक छापलेलं दिसलं पाहिजे. कार्ड दाखवून ती रांग मिळत नाही, कितीही दाखवा. अन् इथं परत नावाचा घोळ. माझ्या तिकिटावर एजंटानं मधलं नाव खाल्लं होतं, नंबर बरोबर होता पण प्रीचेक काही छापून आलं नाही, बसलो बेल्ट काढत.

मग कार्ड कशाला? माझ्या बहिणीकडं आहे, ग्रीन कार्डवाल्यांना पोस्टानं येतं, आल्यावर तीस दिवसांच्या आत साइटवर ॲक्टिव्हेट करावं लागतं. विमानतळावर ते कामाचं नाही, तिथं पोर्टल नावाच्या कॅमेऱ्याच्या मशीनसमोर उभं राहायचं, तो चेहरा ओळखतो, पासपोर्ट अन् ग्रीन कार्ड मात्र खिशात हवंच. कार्ड कामाला येतं जमिनीवरच्या सीमेवर, कॅनडाहून किंवा मेक्सिकोहून गाडीनं अमेरिकेत शिरताना, नेक्सस किंवा सेंट्रीच्या, म्हणजे तिथल्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर मेंबरांसाठीच्या, लेनमधून. दाजी एकदा नायगाऱ्याला गेले अन् येताना त्या लेनमध्ये शिरले, लेनमधून जायला गाडीतल्या प्रत्येकाकडं मेंबरशिप लागते, मागच्या सीटवर आई बसलेली, तिच्याकडं फक्त टुरिस्ट व्हिसा. गाडीतला एक जरी बिगरमेंबर असला तरी ती लेन तुमची नाही. नेक्सस वेगळं कार्ड आहे, ते अमेरिका-कॅनडाच्या नागरिकांना अन् तिथं कायम राहणाऱ्यांना, आपल्या पासपोर्टवर टुरिस्टला नाही. एपेक बिझनेस ट्रॅव्हल कार्ड म्हणून पण एक असतं, तुम्हाला कोणी "काढून देतो" म्हणालं तर हात जोडा, भारत एपेकचा, म्हणजे त्या आशिया-पॅसिफिक देशांच्या गटाचा, मेंबरच नाही.

आता दुसरी रांग, बॅगेची, अन् इथंच आपले लोक मार खातात.

पहिल्या वेळचं सांगतो, तेव्हा माझ्याकडं काहीच कार्ड नव्हतं. अधिकाऱ्यानं विचारलं, खायचं काही आहे का? मी आपला "नो, नो". बॅगा घेऊन दहा पावलं चाललो नाही तर बीगल जातीचं एक छोटंसं कुत्रं आलं अन् आईच्या बॅगेपाशी बसलं ते बसलंच. आत लुगड्याच्या घडीत ओला गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, आईनं मला न सांगता घातलेला. बॅग उघडली, बिबडे, काळा मसाला, उडदाची डाळ, कळण्याचं पीठ, सगळं टेबलावर. पाला घेतला, समज दिली, सोडलं. दंडाची तरतूद पहिल्या वेळी एक हजार डॉलरपर्यंत आहे हे मला तिथल्या पाटीवर वाचून कळलं. ग्लोबल एन्ट्री असती तर ती त्याच दिवशी गेली असती, कारण नियम मोडला की मेंबरशिप काढून घेतात, अन् एकदा गेली की परत मिळवणं फार अवघड.

तेव्हापासून माझा कायदा एकच, विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं. आजकाल पोर्टल नुसता चेहरा बघून सोडतो, प्रश्न विचारणारं कोणी नसतं, म्हणून सांगायची जबाबदारी संपत नाही. पुढं अधिकारी दिसला की "फूड आहे, मसाले, पापड, होममेड" एवढं म्हणायचं. बहुतेक वेळा हसून जाऊ देतात. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ते ठेवून घेतात, पण सांगितलं म्हणून दंड नसतो. आईनं आता स्वतःच नियम केलाय, म्हणते, "बठ्ठं सांगी दे, मंग काय भ्याव?"

काय नेऊ नये ते पण ऐका. ओला कढीपत्ता, ताजी फळं, भाज्या, भरताची वांगी (हो, नेणारे आहेत), मटण-चिकनचं काहीही, पेरायचं बी, काही नाही. तांदूळ अन् हरभरे पण नाही, अगदी घरचे निवडलेले असले तरी, कारण धान्यात होणारा खापरा नावाचा किडा त्यांना त्यांच्याकडं नकोय अन् तो आपल्याकडं आहे. गंमत बघा, खापरावरचे मांडे चालतील पण खापऱ्याचं धान्य नाही. वाळलेले, भाजलेले मसाले, लोणची, बिबडे, केळीचे वेफर्स, असलं पॅक करून वर नाव लिहून नेलं तर आजवर मला त्रास झाला नाही. गावाकडं शेतात फिरून आला असाल तर ते पण सांगावं लागतं, चिखलाचे बूट धुऊन न्या.

पैसे. दहा हजार डॉलरच्या वर असतील तर अमेरिकेत जाताना सांगावं लागतं, अन् एकत्र जाणाऱ्या घराचे मिळून मोजतात, चौघांत वाटून घेतले म्हणून सुटत नाही. नेण्यावर बंदी नाही, न सांगण्यावर आहे.

येतानाचं आपलं कस्टम्स. ई-गेटमधून फटकन बाहेर आलात म्हणजे ग्रीन चॅनेल, ड्युटीचं काही नसलेल्यांची वाट, आपोआप तुमचा झाला असं नाही. ड्युटी लागण्यासारखं काही असेल तर रेड चॅनेल. फुकट आणायची मर्यादा २०१६ च्या नियमात पन्नास हजार रुपयांची होती, फेब्रुवारी २०२६ पासून पंचाहत्तर हजार झाली, अन् ही माणशी असते, नवरा-बायकोची एकत्र करून दीड लाखाची एक वस्तू आणता येत नाही. लॅपटॉप एक वेगळा चालतो, अठरा वर्षांवरच्याला. दारू दोन लिटर. पाच हजार डॉलरच्या वर नोटा असतील, किंवा नोटा-चेक मिळून दहा हजारांच्या वर, तर इथंही सांगायचं. कस्टम्सचं अतिथी नावाचं ॲप आहे, विमानात बसायच्या आधीच त्यात भरून टाका, उतरल्यावर पेन शोधत बसावं लागत नाही.

अन् शेवटी सोनं, जळगाव जिल्ह्यातला माणूस सोन्याशिवाय बोलणं कसं संपवणार. आपल्या बाया पोत, पाटल्या, गोफ घालूनच निघतात. जाताना घातलेलं सोनं येताना तुमचंच आहे, नवीन नाही, हे सिद्ध कोण करणार? त्याचा उपाय जाताना करायचा. इमिग्रेशनच्या आधी कस्टम्सच्या खिडकीवर दागिने दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. सराफाची पावती, नाहीतर वजनाचा दाखला, अन् दागिने घातलेला फोटो सोबत ठेवा. ई-गेटनं पळायच्या घाईत लोक ही खिडकी मागं सोडून जातात अन् एकदा इमिग्रेशन ओलांडलं की परत येता येत नाही. बाहेर वर्षापेक्षा जास्त राहिलेल्यांना दागिन्यांची वेगळी सूट आहे, बाईला चाळीस ग्रॅम, बाकीच्यांना वीस ग्रॅम, पण ती दागिन्यांची, बिस्किटाची नाही. दुबईहून येणाऱ्या आपल्या पोरांनी हे दोनदा वाचावं. अन् कोणी ओळखीचा म्हणाला "एवढी पुडी ने भो, स्टेशनवर माणूस घेऊन जाईल", तर सरळ नाही म्हणा, बॅग तुमची म्हणजे पुडी तुमची.

नवा पासपोर्ट झाला की ग्लोबल एन्ट्रीच्या खात्यात जाऊन नंबर बदलायला विसरू नका, नाहीतर पोर्टल तुम्हाला ओळखत नाही. रिन्यूअल मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून टाकता येतं, अन् मुदतीच्या आत टाकलं तर निकाल लागेपर्यंत जुनी मेंबरशिप चोवीस महिने चालू राहते. माझी पुढच्या वर्षी संपतेय. आईचा पासपोर्ट त्याच्या आधीच संपतोय, म्हणून तिचं ई-गेटचं सगळं पहिल्यापासून, बोटांना खोबरेल लावण्यापासून.